आद्य लढवय्ये गोपाळबाबा वलंगकर



दरवर्षी 20 मार्चला माणगावहून आपण एस.टी.ने महाडला जातो, चवदार तळ्यावर वंदना घेतो आणि दिवेलागणीला घरी परततो. त्याच महाड तालुक्यात रावढळ नावाचे गाव आहे. 1840 च्या सुमारास तेथील एका महाराच्या घरी गोपाळबाबा वलंगकर जन्मले. तुमच्या मुलांना हे नाव माहीत आहे काय? फुले आणि बाबासाहेबांच्या तसबिरी आपल्या भिंतीवर आहेत, त्या असल्याच पाहिजेत. पण या दोघांच्या मधल्या काळात अस्पृश्यांच्या घरातून लेखणी घेऊन जो माणूस उभा राहिला, तो आपल्या शेजारच्या तालुक्यातला होता.

गोपाळबाबा इंग्रजांच्या पलटणीत होते. पलटण म्हणजे काय होते, हे नीट समजून घ्या. गावात महाराच्या वाट्याला गावकी होती. सांगावे पोचवायचे, मेलेले ढोर ओढायचे आणि शिळ्या भाकरीसाठी दाराबाहेर उभे राहायचे. पलटणीत पगार होता, पुढे पेन्शन होती, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तेथे अक्षर मिळत होते. शिपायांना व त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय लष्करात होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी अशाच लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. गावच्या शाळेने जे नाकारले ते आपल्या माणसांना पलटणीत मिळाले.

1886 साली गोपाळबाबा पेन्शनीत निघाले आणि दापोलीला राहिले. तेथे आपल्या समाजातले पुष्कळ पेन्शनर होते. त्यांनाही गप्प बसून पेन्शन खाता आली असती. परंतु जोतिराव फुल्यांच्या विचारांनी त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. ते ‘दीनबंधु’त आणि ‘सुधारका’त लिहू लागले आणि 1888 साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसक’ काढले. नावातच सारे आले!

पण ते वाचणार कोण? ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांच्यातल्या बहुतेकांना अक्षर येत नव्हते, आणि ज्यांना येत होते त्यांच्यातल्या बहुतेकांना महाराचे लिहिणे नको होते. पहिल्या माणसाचे दुःख ते हेच. त्याला विरोधक लगेच भेटतात, ऐकणारे मात्र एकेक करून जमवावे लागतात. गोपाळबाबांनी त्यावर एक उपाय केला. ते पद्ये रचू लागले, म्हणजे न वाचणाऱ्याच्या कानावर तरी विचार पडावा.

त्यांच्याही आधी, 1855 साली, मुक्ताबाई या मातंग मुलीने आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला होता, हे विसरू नये. पण वर्षानुवर्षे लिहीत राहणे आणि त्याच्या जोडीने संघटना बांधणे हे काम गोपाळबाबांचे. त्या संघटनेचे नाव अनार्य दोष परिहार मंडळी. आपले पूर्वज या भूमीचे मूळचे लोक, बाहेरून आलेल्या आर्यांनी त्यांना खाली दडपले, असे त्यांचे म्हणणे होते.

तुमच्यातला एखादा वाचणारा तरुण येथे मला अडवील. बाबासाहेबांनी तर 1948 च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात हा वंशाचा सिद्धांत नाकारला. आपले पूर्वज पांगलेले, पराभूत लोक होते आणि बुद्धाचा धम्म त्यांनी सोडला नाही म्हणून त्यांना अस्पृश्य ठरवले, असे त्यांनी मांडले. ते खरेच आहे. गोपाळबाबा धम्मापर्यंत पोचले नव्हते. पण अस्पृश्यता हे मागल्या जन्मीचे पाप नसून माणसांनी माणसांवर लादलेली गोष्ट आहे, एवढे त्यांनी त्या अंधारात ओळखले होते. माझ्या मते सगळी वाट तेथूनच फुटते.

1890 नंतर सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. अक्षर आणि पेन्शन देणारे एकमेव दार लागले. 1894 साली ते उघडावे म्हणून गोपाळबाबांनी अर्ज लिहिला. दार उघडले नाही. 1895 साली त्यांची नेमणूक महाड तालुका लोकल बोर्डावर झाली. महार आपल्या पंक्तीला बसणार म्हणून सवर्ण सभासद चिडले, वर्तमानपत्रांतून वाद झाले. त्या बैठकीत शिरताना त्यांच्या मनात काय आले असेल, हे वाडीत सर्वांआधी देव्हारा उतरवलेल्या तुमच्यासारख्या घराला वेगळे सांगायला नको. भावकी तोंड फिरवते, म्हातारीकोतारी रडतात आणि गाव तर टपलेलेच असते.

1900 साली गोपाळबाबा रावढळलाच वारले. बाबासाहेब तेव्हा 9 वर्षांचे होते. हयातीत गोपाळबाबांच्या पदरात काय पडले म्हणाल, तर बोर्डावरची ती वादाची जागा, एवढेच.

पण काम थांबले नाही. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी भरतीचा प्रश्न पुन्हा हाती घेतला आणि 1910 साली थेट विलायतेकडे अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, महारांची पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपताच 1921 साली मोडलीही. 1906 साली दापोलीजवळच्या वणंदची, गोपाळबाबांच्या नात्यातली एक मुलगी भीमरावांची पत्नी झाली. आपण तिला रमाई म्हणतो. आणि बाबासाहेबांनी सतत पाठपुरावा केल्यावर 1941 साली महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. गोपाळबाबांच्या अर्जाला तेव्हा 47 वर्षे झाली होती.