बोलणारा गरुड : संत हुआन दिएगो

आगमनकाळात ९ डिसेंबरला ख्रिस्तसभा संत हुआन दिएगो यांचे स्मरण करते आणि १२ तारखेला ग्वादलुपेच्या मातेचा सण येतो. मातेची तसबीर आपण पाहिलेली असते. तिचा निरोप नेणाऱ्याचे मूळ नाव मात्र आपल्याला सहसा ठाऊक नसते.

परंपरेप्रमाणे त्यांचा जन्म १४७४ मध्ये मेक्सिकोतील क्वाउतित्लान येथे झाला. नाव क्वाउत्लातोआत्सिन. त्यांच्या नाउआत्ल भाषेत 'क्वाउत्ली' म्हणजे गरुड, 'त्लातोआ' म्हणजे बोलतो आणि शेवटचे 'त्सिन' आपल्या 'राव', 'जी'सारखे आदराचे. ते लोक नावे चित्रांनी लिहीत. त्यांचा शेवटचा सम्राट क्वाउतेमोक, म्हणजे उतरणारा गरुड. त्याच्या नावासाठी खाली झेपावणारा गरुड काढीत. बोलणे दाखवायचे तर तोंडापुढे छोटी वळलेली खूण काढीत. गरुड आणि चोचीपुढे ती खूण, म्हणजे बोलणारा गरुड! राजालाही ते 'त्लातोआनी', म्हणजे बोलणारा, असेच म्हणत. बोलण्याचा मान थोरांचा होता.

१५२४ च्या सुमारास बाप्तिस्मा घेऊन ते हुआन दिएगो झाले. डिसेंबर १५३१ मध्ये तेपेयाक टेकडीवर पवित्र मरियेने त्यांना दर्शन दिले आणि त्यांच्याच भाषेत सांगितले, की येथे मंदिर बांधावे, हे बिशपांना कळव. बिशप हुआन दे सुमारागा यांना ते पटले नाही. तेव्हा नावातच बोलणे असलेला हा माणूस मातेला विनवू लागला, की मी क्षुल्लक आहे, कोणा प्रतिष्ठिताला पाठव. मातेने दुसरा कोणी निवडला नाही. १२ डिसेंबरला ते अंगावरच्या वस्त्रात फुले घेऊन गेले. फुले खाली पडली आणि वस्त्रावर मातेची प्रतिमा दिसली.

पुढे त्यांनी त्या मंदिराची सेवा केली. १५४८ मध्ये ते वारले. १९९५ मध्ये पुढे आलेल्या एका कातड्यावर त्यांचे मूळ नाव अक्षरांत लिहिलेले आहे. ते कातडे अस्सल आहे की नाही, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३१ जुलै २००२ रोजी त्यांना संत घोषित केले, तेव्हा दोन्ही नावे वेदीपर्यंत पोहोचली.

पेण-रोह्याकडे आपणही असेच मागे सरतो. मिस्सेतील वाचन असो वा ग्रामसभेत गरिबाची बाजू मांडणे, आपण शिकलेल्याकडे बोट दाखवतो. या आगमनकाळात निदान एकदा तरी आपण स्वतः उभे राहू या. संत हुआन दिएगो, आम्हांसाठी विनंती करा.