खर्जाचे सेवक : डोमेनिको ड्रागोनेत्ती

महोत्सवाच्या स्मरणिकेत एखाद्या संताचे चरित्र असावे, ही वाचकांची अपेक्षा रास्त आहे. तथापि ज्यांचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत ते संत नव्हते, वादक होते. त्यांची आठवण होण्याचे कारण असे की, या महोत्सवाच्या मिस्सेसाठी गायनमंडळाचे चार आवाजांत विभाग पाडू लागलो, तेव्हा बारामतीकडील काय आणि इंदापूरकडील काय, सर्वांनाच वरच्या पट्टीतील चाल हवी होती. खालच्या आवाजात उभे राहण्यास कोणी पुढे येईना. त्यांना बोल लावण्याचा अधिकार आम्हास नाही. सेमिनरीत असता आमची नेमणूक खर्जाच्या आवाजात झाली, तेव्हा आम्हीही आठवडाभर गाल फुगवून बसलो होतो.

डोमेनिको ड्रागोनेत्ती यांचा जन्म ७ एप्रिल १७६३ रोजी व्हेनिस नगरात झाला. वडील पिएत्रो हे न्हावीकाम करीत व वाद्येही वाजवीत. घरातील गिटार व डबल बास ही वाद्ये वडिलांच्या नकळत हाती घेऊन या मुलाने स्वतःच अभ्यास आरंभिला. व्हायोलिनचे पहिले धडे त्यांना जोडे शिवणाऱ्या एका कारागिराने दिले, असे सांगतात. पुढे बेरीनी नावाचे गुरू लाभले. परंतु अकरा धडे होताच, आता शिकविण्यासारखे काही उरले नाही, असे गुरूंनी कळविले. तेराव्या वर्षी ते नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात बसू लागले.

ज्यांनी डबल बास पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे की, हे व्हायोलिनच्या कुळातील सर्वांत थोरले वाद्य होय. ते माणसापेक्षाही उंच असते व उभे राहून किंवा उंच बैठकीवर बसून वाजवावे लागते. ड्रागोनेत्ती यांच्या वाद्यास तीनच तारा होत्या, आणि त्या जाड. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्यास व्हायोलिनवर बोट किंचित सरकविले की पुरते. येथे सबंध हात हलवावा लागतो. सतार वाजविणाऱ्यांच्या बोटांना घट्टे पडतात हे आपण पाहतो, त्यावरून येथील श्रमाची कल्पना करावी. गज त्यांनी जुन्या बाकदार घडणीचाच ठेवला व तळहात वर करून, खालून धरला. नवी पद्धत आली तरी ती त्यांनी स्वीकारली नाही.

त्या काळी या वाद्यासाठी रचलेले स्वतंत्र संगीत थोडे. म्हणून त्यांनी दुसऱ्यांच्या वाटणीचे संगीत आपल्या अभ्यासास घेतले. मेस्त्रिनो नावाचे व्हायोलिनवादक मित्र होते. त्यांच्यासह बसून ते चपळ स्वरपंक्ती या अवजड वाद्यावर घोटून काढीत. व्हायोलिनच्या व चेलोच्या जागा बासवर हुबेहूब निघेपर्यंत त्यांनी सोडल्या नाहीत. आमच्या मते त्यांच्या अभ्यासाचे मर्म हेच. खालचा स्वर धरणाऱ्यास वरच्यांचे सर्व काही ठाऊक असले पाहिजे. नाहीतर तो त्यांना आधार तरी कोठे देणार?

१७८७ साली संत मार्कच्या महामंदिरात त्यांची वादक म्हणून नेमणूक झाली. रशियाच्या दरबाराचे बोलावणे आले असता मंदिराच्या अधिकाऱ्यांनी वेतन वाढवून त्यांना ठेवून घेतले. याच काळात विचेंत्सा येथील एका मठातून गास्पारो दा सालो या जुन्या कारागिराने घडविलेले वाद्य त्यांना मिळाले, आणि ते त्यांनी जन्मभर जपले. पुढे ज्या १७९४ साली आमच्या बारामतीत कऱ्हाकाठी मोरोपंतांनी देह ठेवला, त्याच साली ड्रागोनेत्ती लंडनला गेले व तेथील किंग्ज थिएटरच्या वाद्यवृंदात रुजू झाले.

लंडनमध्ये त्यांनी एकट्याने वादन करून वाहवा मिळविली, स्वतः रचनाही केल्या. परंतु त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग वृंदातच गेला. चेलोवादक रॉबर्ट लिंडली व ते एकाच घडवंचीवर स्वरलिपी ठेवून सुमारे पन्नास वर्षे शेजारी बसले. पन्नास वर्षे! आमच्या गायनमंडळात पेटीवाला व तबलजी यांचे एका नाताळापासून दुसऱ्या नाताळापर्यंत पटले तरी आम्ही देवाचे आभार मानतो.

१७९९ साली व्हिएन्नात त्यांनी बेथोव्हेन यांच्यासह चेलोसाठी रचलेला एक सोनाटा बासवर वाजविला. तो संपताच बेथोव्हेन यांनी वादकास वाद्यासकट मिठी मारली. बासकडून काय काय करून घेता येते, हे या भेटीत त्या महान रचनाकारास उमगले, असे जाणकार मानतात.

स्वभावाने ते विक्षिप्त होते. कार्लो नावाचा त्यांचा कुत्रा वाद्यवृंदातही त्यांच्यामागे बसे. लग्न केले नाही. बाहुल्यांचा मोठा संग्रह मात्र केला. बोलणे व्हेनिसची बोली, फ्रेंच व इंग्रजी यांची खिचडी असे. मानधनाच्या बाबतीत ते इतके काटेकोर की आयोजकांच्या नाकी नऊ येत. याबद्दल त्यांना लोभी म्हणणारेही होते. आम्हास तसे वाटत नाही. मागे उभ्या असणाऱ्याचे मोल कोणी आपण होऊन करीत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

ऑगस्ट १८४५ मध्ये बॉन येथे बेथोव्हेन यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्या उत्सवात पाचव्या सिंफनीच्या वेळी तेरा बासवादकांच्या अग्रभागी ड्रागोनेत्ती उभे होते. त्यांचे वय तेव्हा ८२ वर्षांचे होते. त्या सिंफनीच्या तिसऱ्या भागात बास व चेलो यांना एकाएकी धावावे लागते. तरुणांचीही तेथे तारांबळ उडते.

१६ एप्रिल १८४६ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. अखेरच्या दिवसांत व्हिन्सेंट नोव्हेलो हे जवळ होते. पूर्वी पोर्तुगीज वकिलातीच्या चॅपेलमध्ये ऑर्गन वाजविणारे ते हेच. मूरफील्ड्सच्या कॅथलिक मंदिरात ड्रागोनेत्ती यांचे दफन झाले. गास्पारोने घडविलेले ते वाद्य त्यांनी मृत्युपत्राने संत मार्कच्या महामंदिरास दिले होते. ज्या मंदिरातून ते बावन्न वर्षांपूर्वी निघाले, तेथे ते वाद्य परत गेले व आज तेथील संग्रहालयात आहे.