गाडी टोचन करण्याआधी फोटिंगरना आठवा!

ऑटोमोबाइलच्या पेपरात टॉर्क कन्व्हर्टरवर एक प्रश्न ठरलेलाच. आपण पंप, टर्बाइन, स्टेटर काढतो, बाण दाखवतो आणि मोकळे होतो. पण हे यंत्र ज्यांच्या डोक्यातून आलं ते हर्मान फोटिंगर कुणाच्याच नोट्समध्ये सापडत नाहीत. जर्मन इंजिनियर म्हटलं की आपली गाडी डिझेल आणि बेन्झपाशी थांबते. म्हणून हा लेख. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा मराठी जरा सांभाळून घ्या!

फोटिंगर यांचा जन्म १८७७ चा, न्यूरेंबर्गचा. म्युनिकला ते शिकले चक्क इलेक्ट्रिकल, आणि १८९९ मध्ये नोकरी धरली ती जहाजं बांधणाऱ्या व्हल्कन कंपनीत, श्टेटिनला. हे शहर आता पोलंडमध्ये आहे. तिथे त्यांनी आधी मोजमापाचं एक कोडं सोडवलं. पिस्टनच्या इंजिनाची पॉवर सिलिंडरमधल्या दाबावरून काढता यायची. टर्बाइनला सिलिंडरच नाही, मग मोजायचं काय? फोटिंगरनी जहाजाचा जाडजूड शाफ्ट चालताना किती पिळवटतो ते मोजलं आणि त्यावरून टॉर्क काढला. आपली स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स अशी समुद्रावर वापरलेली पाहून मला तर भारीच वाटलं.

खरी अडचण पुढे होती. वाफेची टर्बाइन वेगात फिरली तरच परवडते आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरला तरच पाणी नीट ढकलतो. शिवाय टर्बाइन उलटी फिरत नाही, जहाजाला तर मागे यावं लागतं. फोटिंगर इलेक्ट्रिकलवाले, त्यामुळे आधी जनरेटर आणि मोटर जोडायचा विचार झाला. पण ते प्रकरण फार जड आणि महाग. मग त्यांनी विजेच्या जागी पाणी आणलं. जनरेटरऐवजी पंप, मोटरऐवजी पाण्याची टर्बाइन. मधले पाइप काढून टाकले आणि दोघांना एकाच डब्यात समोरासमोर बसवलं! समजा दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याऐवजी पाणी, आणि टॉर्क वाढवायला मध्ये न फिरणारी पाती. पेटंट १९०५ चं. फोटिंगर तेव्हा फक्त अठ्ठावीस वर्षांचे होते.

१९१३ मध्ये ‘क्योनिगिन लुईझे’ या प्रवासी जहाजावर हे यंत्र बसलं. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं, जहाज सुरुंग पेरायला धाडलं गेलं आणि ५ ऑगस्ट १९१४ ला इंग्रजांनी ते बुडवलं. तोवर दातेरी गिअर इतके सुधारले की समुद्रावर त्यांनीच बाजी मारली. ज्या कामासाठी शोध लावला तिथेच तो मागे पडला. फोटिंगर तेव्हा प्रोफेसर झाले होते. १९०९ पासून डान्झिगला, १९२४ पासून बर्लिनला, विषय द्रवांचा प्रवाह.

यंत्राला दुसरा जन्म मिळाला तो रस्त्यावर. १९३० मध्ये इंग्लंडच्या डेमलरने त्याचं साधं रूप, म्हणजे फ्लुइड कपलिंग, मोटारीत घातलं. अमेरिकेत १९४० च्या ओल्ड्समोबाइलमध्ये ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला जोडलं गेलं. टॉर्क कन्व्हर्टरवाली ब्यूइक आली १९४८ मध्ये. ती पाहायला फोटिंगर नव्हते. बर्लिनच्या लढाईत, एप्रिल १९४५ मध्ये, तोफगोळ्याची कपची लागून ते गेले. युद्ध संपायला जेमतेम दहा दिवस उरले होते.

आता टोचनकडे. मागच्या पावसाळ्यात मामाची ऑटोमॅटिक गाडी घाटात बंद पडली. एका जीपवाल्याने चांगुलपणाने दोर काढला. न्यूट्रलला टाका, ओढून नेतो म्हणाला. मामा तयारच होता. मी आडवी पडले. मामा चिडला, अंधार पडत होता, मामी वेगळीच धास्तावलेली. पण गोष्ट अशी आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप फोटिंगरच्या त्या डब्यावर, म्हणजे शेवटी इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे तेल खाली पडून. चाकं मात्र ओढल्यावर आतले गिअर आणि बेअरिंग फिरवतच राहतात, कोरडे! न्यूट्रल टाकल्याने हे थांबत नाही. जुन्या अमेरिकन गाड्यांत चाकांच्या बाजूने चालणारा दुसरा पंप असायचा, त्यामुळे त्या ढकलून सुरूही व्हायच्या. १९६० च्या दशकात तो पंप बहुतेक ठिकाणी गेला.

म्हणून गाडीला ओढ देणारी चाकं जमिनीवर फिरता कामा नयेत. पुढच्या चाकांची ओढ असेल तर पुढची बाजू उचला, मागची चाकं फिरू द्या, हॅण्डब्रेक सोडलेला हवा. मागच्या चाकांची असेल तर मागची उचला. फोर व्हील असेल तर सरळ ट्रकवर चढवा. काही कंपन्या थोडं अंतर हळू ओढायला परवानगी देतात, ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. एएमटीच्या गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर नसतो, त्यांचा नियम वेगळा, तोही मॅन्युअलमध्येच पाहा. बॅटरी संपली असेल तर बटणाचा हॅण्डब्रेक सुटतच नाही, हेही लक्षात असू द्या.

ट्रक तीन तासांनी आला. बिघाड फ्युएल पंपाचा निघाला, गिअरबॉक्स शाबूत होता. मामाने मॅन्युअल आता ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलंय.