आगपेटी ते आगगाडी

आमच्या मानवतचे स्टेशन मानवतात नाही. गाडीतून उतरायचे ते मानवत रोडला आणि पुढे गाव गाठायचे ते टांग्याने, एस.टी.ने नाहीतर पायी. सरकीची पोती असोत की माहेरी आलेली लेक असो, गाडीने आणून सोडल्यावरही थोडी वाट उरतेच. त्यामुळे गाडी जिथे थांबते तिथे प्रवास संपत नाही, हे मला लहानपणीच कळले होते.

१९८५च्या उन्हाळ्यात मी आईला माथेरानला नेले. बदलापूरच्या मावशीने फार आग्रह केला होता. आईचे गुडघे तेव्हा पुरते धरलेले होते. घरातला उंबरा ओलांडतानाही ती चौकटीला हात लावायची. डोंगरावर जायचे म्हटल्यावर तिने आधी नकारच दिला. घोड्यावर बसणे तिला शक्य नव्हते. माथेरानात माणसाने ओढायच्या हातरिक्षा असतात असे मावशीने सांगितले, तर तिने कानांवर हात ठेवले. दुसऱ्याच्या छातीवर भार देऊन हवा खायला जायचे नाही, असे तिचे स्पष्ट मत पडले. शेवटी गाडी थेट बाजारात नेऊन सोडते, हे तिला पटवावे लागले.

त्या एका प्रवासात आम्ही तीन रुंदीच्या रुळांवरून गेलो. मनमाडपर्यंत आपली मीटर गेज, तिथून कल्याण-बदलापूरपर्यंत ब्रॉड गेज आणि नेरळला उतरल्यावर जेमतेम दोन फूट रुंदीचे रूळ. ती चिमुकली गाडी पाहून आईला हसू आवरेना. आपल्या पोळ्याच्या बैलालासुद्धा यात बसता यायचे नाही, असे काहीसे ती म्हणाल्याचे आठवते. पण गाडी चढू लागली, खिडकीतून वारा आला, आणि ती गप्प होऊन बाहेर पाहत राहिली. ही गाडी कुणी बांधली हे तिने मला विचारले. मी इंग्रजांनी, असे ठोकून दिले. ते उत्तर चुकीचे होते, हे मला फार वर्षांनी कळले.

ही गाडी बांधली एका मुंबईकर बोहरी व्यापारी घराण्याने. त्या घराण्याचे कर्ते पुरुष सर आदमजी पीरभॉय. १८४०च्या दशकाच्या मध्यात काठेवाडातल्या धोराजीकडच्या एका गरीब दाऊदी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पोटासाठी मुंबईत आलेला हा मुलगा रस्त्यावर आगपेट्या विकायचा, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. पुढे लष्कराला माल पुरवण्याची कामे त्यांना मिळू लागली. तंबू, खाकी कापड, बूट, जे लागेल ते त्यांनी वेळेवर पोचवले. फौजेला वेळेची किंमत असते आणि आदमजींना ती रस्त्यावरच कळलेली होती. धारावीत त्यांनी चामड्याचा मोठा कारखाना काढला. बघता बघता ते मुंबईच्या बड्या धनिकांत गणले जाऊ लागले आणि मुंबईचे शेरीफही झाले.

मिळवलेला पैसा त्यांनी सढळ हाताने वाटला. चर्नी रोडजवळ त्यांनी उभारलेले आरोग्यभवन बाहेरगावाहून हवापालटासाठी येणाऱ्यांच्या उपयोगी पडले.

आता माथेरानकडे वळू. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी हे ठिकाण साहेबलोकांच्या नजरेस आणले. डोंगरातल्या ठाकर-धनगरांना ते आधीपासून ठाऊक होतेच. पुढच्या काही वर्षांत नेरळपर्यंत रेल्वे आली, माथ्यावर बंगले उठले. पण नेरळ ते माथेरान ही वाट तशीच राहिली. घोडा, पालखी किंवा स्वतःचे पाय, एवढेच मार्ग. म्हणजे पैसा हवा, नाहीतर धट्टीकट्टी प्रकृती हवी.

अशाच एका खेपेला आदमजी नेरळला उतरले आणि वर जायला त्यांना वाहनच मिळाले नाही, अशी आख्यायिका आहे. मागे फिरताना, आता येईन तो माझ्या स्वतःच्या गाडीतून, असा त्यांनी निश्चय केला म्हणे. आख्यायिका शब्दशः खरी धरू नये. तरी नेरळच्या फलाटावर हात हलवत परतणारा तो म्हातारा होत चाललेला शेठ माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो. उरलेल्या वाटेचे दुःख त्याला त्या दिवशी समजले असावे.

इच्छा वडिलांची असली तरी घाम गाळला तो त्यांच्या मुलाने, अब्दुल हुसेन यांनी. आपल्या बार्शी लाइट रेल्वेचे जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा सल्ला या मार्गाला लाभला. १९०४ साली काम सुरू झाले. सुमारे वीस किलोमीटरच्या या मार्गावर गाडीला साधारण अडीच हजार फूट चढायचे होते. काही ठिकाणी दर वीस फुटांना एक फूट, इतका खडा चढ. वळणे इतकी तीव्र की साधे इंजिन रुळावर टिकलेच नसते. म्हणून जर्मनीतल्या ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्यातून खास इंजिने मागवली. त्यांचे पुढचे आणि मागचे आस वळणाबरोबर थोडे सरकत, त्यामुळे चाके रूळ सोडत नसत. सगळा खर्च सोळा लाख रुपये. २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली. त्याच वर्षी आदमजींना सर हा किताब मिळाला आणि वर्षअखेरीस कराचीला भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्षपदही. १९१३च्या ऑगस्टमध्ये ते वारले. स्वतःच्या गाडीचे सुख त्यांना सहाच वर्षे लाभले.

याच काळात दूर स्वित्झर्लंडमध्येही डोंगरावरच्या एका हवा खाण्याच्या गावी असाच एक मार्ग तयार झाला. सेंट मॉरिट्झचा बॉबस्ले मार्ग १९०४च्या पहिल्या दिवशी खुला झाला, म्हणजे नेरळला काम सुरू झाले त्याच साली. बॉबस्ले म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी गाडी. सतराशे मीटरवर लांबीची, बर्फाचीच बांधलेली ती वाट दर हिवाळ्यात नव्याने घडवतात आणि उन्हाळ्यात ती वितळून जाते. १९२८ आणि १९४८ची हिवाळी ऑलिंपिक तिथे झाली. वरून सुटलेली गाडी मिनिटभरात खाली पोचते आणि ब्रेक लावणारा गडी सर्वांत मागे बसतो. आपल्या माथेरानच्या गाडीतही डब्याडब्यावर ब्रेक लावणारे गडी असत आणि इंजिनाच्या शिटीवर हाताने चाक फिरवत. फरक एवढाच की तिकडचा मार्ग ज्यांना धावता येते अशांना खाली नेण्यासाठी झाला, आणि इकडचा, ज्यांना चालवत नाही त्यांनाही वर नेऊ लागला. मिनिटाऐवजी दोन तास लागले म्हणून काय बिघडले?

हा मार्ग सह्याद्रीच्या पावसाशी कायम झगडत आला आहे. २००५च्या जुलैमधल्या महापुरात तो वाहून गेला आणि २००७ साली, शंभरीच्या वर्षात, पुन्हा सुरू झाला. २०१६ साली डबे घसरल्यावर गाडी बंद पडली, २०१८च्या आरंभी ती पूर्ववत झाली. २०१९च्या पावसाने पुन्हा घात केला आणि नेरळहून गाडी सुटायला २०२२चा ऑक्टोबर उजाडला. दर वेळी ही गाडी परवडत नाही अशी कुजबुज होते. हिशेबाच्या वहीत ते खरेही असेल. पण दुखऱ्या गुडघ्यांचा रकाना त्या वहीत नसतो.

आईला ज्या हातरिक्षेत बसायचे नव्हते ती प्रथा थांबवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये दिला. आई ते ऐकायला राहिली नाही. तिला आपले म्हणणे कुणीतरी ऐकले असेच वाटले असते.

त्या दिवशी माथेरानच्या बाजारात उतरून आई शंभरएक पावले चालली आणि एका झाडाखाली दगडावर बसली. खालच्या दरीकडे बघत तिने पदराने घाम पुसला. आपण डोंगर चढून आलो असे तिने पुढे मानवतात शेजारणींना कितीदा तरी सांगितले, आणि त्यात मला कधी खोटे वाटले नाही.

आता नेरळला गेलो की मी छोट्या गाडीच्या फलाटावर थोडा वेळ उभा राहतो. आजीला हाताला धरून डब्यात चढवणारी नातवंडे दिसतात. गाडी कुणी बांधली, असे एखादे पोर विचारते. आता मी नीट उत्तर देतो. रस्त्यावर आगपेट्या विकणाऱ्या एका मुलाने आणि त्याच्या लेकाने, असे सांगतो.