आपले राजवाडे कोसळणार ही धास्ती घेऊनच तो गेला, न्यू पॅलेस मात्र आजही दिमाखात उभाय

कोल्हापूरला गेलेला माणूस अंबाबाईचं दर्शन घेतो, रंकाळ्यावर चक्कर मारतो, मिसळ हाणतो आणि न्यू पॅलेससमोर फोटो काढतो. काळ्या दगडातली ती भव्य वास्तू, मधोमध उंच अष्टकोनी मनोरा, त्यावरचं घड्याळ. छत्रपतींचा वाडा म्हणून तो सगळ्यांना ठाऊक असतो. पण वाड्याचा नकाशा ज्यानं काढला, त्या माणसाचं नाव खुद्द कोल्हापुरातही फार जणांना सांगता येणार नाही.

त्याचं नाव होतं मेजर चार्ल्स मँट.

मँट मूळचा फौजी माणूस. १८४० च्या सुमारास जन्मलेला हा इंग्रज रॉयल इंजिनियर्समध्ये अधिकारी होता आणि मुंबई इलाख्यात नोकरीला होता. त्या काळी रस्ते, पूल, शाळा, कचेऱ्या बांधायचं बरंचसं काम लष्करी इंजिनियरच करायचे. मँटच्या सुरुवातीच्या कामांमध्ये सुरतच्या हायस्कूलचं नाव येतं. ती इमारत होती गॉथिक शैलीची.

आता ही गॉथिक भानगड काय, तर मध्ययुगीन युरोपातल्या कॅथलिक चर्चची शैली. टोकदार कमानी, आभाळाकडे झेपावणारे मनोरे, उंच निमुळत्या खिडक्या. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना या जुन्या शैलीचं भलतंच वेड लागलं होतं. चर्च तर सोडाच, कोर्ट, कॉलेज, रेल्वे स्टेशन सगळं ते याच थाटात बांधायला लागले. मुंबईचं सीएसएमटी स्टेशन हे त्याचंच उदाहरण.

मँटनं हीच शैली कोल्हापुरात आणली. १८७२ ते १८७६ या काळात त्यानं टाऊन हॉल बांधला. आज तिथं म्युझियम आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती याच म्युझियमची शान आहे.

पण मँटच्या कामाला वळण देणारी एक घटना त्याआधीच घडली होती, तीही थेट इटलीत.

झालं असं की, १८७० साली कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावर गेले. लंडनमध्ये राणी व्हिक्टोरियाला भेटले. परतीच्या वाटेवर इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथंच त्यांचं निधन झालं. वय जेमतेम वीस. इटलीत तेव्हा दहनाची पद्धत नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या वेळी, महाराजांना अग्नी देण्यात आला.

त्याच जागेवर १८७४ साली महाराजांचं स्मारक उभं राहिलं. आत बसवलेला अर्धपुतळा चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, आणि त्यावरच्या छत्रीचं डिझाइन मँटचं. आपल्याकडे राजेलोकांच्या समाधीवर बांधतात, तशीच खांबांवर पेललेली घुमटाची छत्री. फ्लॉरेन्सचे लोक या स्मारकाला इंडियानो म्हणतात. शेजारच्या पुलालाही तेच नाव पडलंय.

म्हणजे चर्चच्या कमानी घेऊन इकडे आलेला मँट आता इथली छत्री युरोपात उभी करत होता.

इथून पुढे त्याच्या कामात इथल्या मातीतली शैली जास्त दिसायला लागते. किल्ले, मंदिरं, मशिदी, हवेल्या यांच्यातल्या छत्र्या, झरोके, महिरपी, घुमट उचलायचे आणि आतली मांडणी मात्र युरोपियन ठेवायची, अशी ही पद्धत. तिला पुढं इंडो-सारासेनिक असं नाव पडलं आणि मँट तिच्या पहिल्या फळीतला माणूस मानला जातो.

संस्थानिकांना ही पद्धत जाम आवडली. वाडा बाहेरून आपल्या परंपरेतला दिसायचा आणि आत साहेबालाही पाहुणचार करता यायचा. बहुतेक दरबारांवर तेव्हा इंग्रजांचा वचक होता, त्यामुळे इंग्रज अधिकाऱ्याच्या हातात काम जाणंही सोपं होतं.

१८७७ मध्ये न्यू पॅलेसचं काम सुरू झालं. घडीव काळा दगड, गुजरात-राजस्थानकडच्या जैन आणि हिंदू वास्तूंचे नमुने आणि जोडीला इथल्या राजवाड्यांची धाटणी. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आले. याच सुमारास मँटकडे अजमेरचं मेयो कॉलेज होतं, बिहारमधल्या दरभंग्याचा महाल होता आणि सयाजीराव गायकवाडांसाठी बडोद्यात उभारायचा अवाढव्य लक्ष्मी विलास पॅलेससुद्धा होता.

आणि इथंच माशी शिंकली.

तेव्हा इथं सिमेंट काँक्रिट रुळलेलं नव्हतं. सगळा भार दगड, वीट आणि चुन्यावर. दगड वरून येणारं वजन आरामात सोसतो, पण ताण दिला की तडकतो. कमान आणि घुमट नुसते खाली दाबत नाहीत, ते बाजूच्या भिंतींना बाहेरही ढकलतात. भिंत किती जाड हवी, पाया किती खोल हवा, हे गणित चुकलं तर सगळा डोलारा खाली येऊ शकतो.

आपलं हे गणित चुकलंय, असं मँटच्या मनानं घेतलं. इतिहासकार लिहितात की आपले राजवाडे कोसळणार या भीतीनं त्याला पुरतं ग्रासलं. त्याचं मानसिक संतुलन ढळलं आणि त्याच अवस्थेत १८८१ साली त्याचा मृत्यू झाला. तेव्हा त्यानं चाळिशी नुकतीच ओलांडली होती. न्यू पॅलेस, मेयो कॉलेज, लक्ष्मी विलास, यांपैकी एकही वास्तू त्याला पूर्ण झालेली बघता आली नाही.

तो गेला तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. इंग्रजांनी त्यांनाही वेडसर ठरवलं होतं. त्यांचा छळ होतोय असा आरोप केसरी आणि मराठा या वृत्तपत्रांनी केला, दिवाण माधवराव बर्वे यांनी खटला भरला आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. महाराजांना पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं गेलं. तिथं २५ डिसेंबर १८८३ ला गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. वय वीस. ज्यांच्या कारकिर्दीत न्यू पॅलेस उभा राहत होता, त्या महाराजांनाही तो पूर्ण झालेला दिसला नाही.

१८८४ साली न्यू पॅलेस बांधून झाला. खर्च आला सात लाखांच्या आसपास. त्याच वर्षी कागलच्या घाटगे घराण्यातला सुमारे दहा वर्षांचा मुलगा दत्तक आला, ते म्हणजे राजर्षी शाहू महाराज. मेयो कॉलेजची मुख्य इमारत १८८५ मध्ये पूर्ण झाली. लक्ष्मी विलासचं अर्धवट काम मद्रासचं सिनेट हाऊस बांधणाऱ्या रॉबर्ट चिझम यांनी हाती घेतलं आणि १८९० मध्ये तडीस नेलं.

मग मँटचं गणित खरंच चुकलं होतं का?

उत्तर या इमारतीच देतात. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेच्या भूकंपानं अख्खा पश्चिम महाराष्ट्र हादरला, पण न्यू पॅलेस जागेवर राहिला. लक्ष्मी विलासमध्ये आजही गायकवाड घराणं राहतं. मेयोमध्ये शाळा भरते, दरभंग्याच्या महालात संस्कृत विद्यापीठ चालतं.

टाऊन हॉलच्या जवळच सीपीआर हॉस्पिटल आहे. पूर्वीचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, तेही मँटनंच आखलेलं. कोल्हापूर जिल्ह्यातलेच नाही, तर कोकण आणि सीमाभागातलेही पेशंट रोज तिथं येतात, केसपेपर काढतात आणि त्या जुन्या दगडी कमानींखाली आपला नंबर यायची वाट बघत बसतात. छत कोसळेल अशी शंका त्यांच्यातल्या कुणाच्या मनाला शिवतही नसेल.