सांबरशिंगी मुठीची सुरी आणि शिकारी राजा

राजर्षी शाहू महाराजांचे नाव घेतले की कोल्हापूरकराच्या डोळ्यांपुढे बरेच काही उभे राहते. राज्याच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारा २६ जुलै १९०२ चा हुकूम, खासबागेचे कुस्ती मैदान, शाहू मिल, राधानगरीचे धरण, १९२० ची माणगाव परिषद. या कामांवर भरपूर लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण ही कामे करणारे महाराज केवळ कचेरीत बसून कागदांवर सह्या करणारे राजे नव्हते. त्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग माळावर, रानात, घोड्याच्या पाठीवर आणि तंबूत गेला. महाराज हाडाचे शिकारी होते. आज शिकार हा शब्द उच्चारताना आपण अडखळतो; तरीही तो बाजूला ठेवून महाराजांचे चरित्र पुरे होत नाही.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव यशवंतराव. तीन वर्षांचे असतानाच आईचे छत्र हरपले. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, आणि दोनच वर्षांनी वडीलही गेले. पुढे राजकोटचे राजकुमार कॉलेज, मग धारवाडला फ्रेझरसाहेबांच्या देखरेखीखाली शिक्षण, आणि २ एप्रिल १८९४ रोजी, विसाव्या वर्षाच्या आतच, राज्यकारभार हाती आला. धिप्पाड देह, कुस्तीची आवड, घोड्यांचे वेड. असा तरुण रानाकडे ओढला गेला नसता तरच नवल. घोडा भरधाव सोडून भाल्याने रानडुकराची शिकार करणे हा त्यांचा विशेष आवडीचा खेळ. डुक्कर उलटले तर घोड्यासकट स्वार खाली, असा हा जिवावरचा खेळ होता.

शिकाऱ्याच्या सरंजामात बंदूक आणि भाला यांचा रुबाब मोठा. पण दिवसभर खरोखर हाताशी लागते ती कमरेची सुरी. दोर कापायचा, फांदी छाटायची, कातडे सोलायचे, आणि संध्याकाळी चूल पेटली की त्याच सुरीने कांदा चिरायचा. त्या काळच्या शिकाऱ्यांना या सुरीला मूठ हवी असे ती सांबरशिंगाची. त्याला कारण होते. सांबराचे शिंग दरवर्षी आपोआप गळते आणि नवे फुटते. हरिणकुळातल्या इतर अनेक प्राण्यांच्या शिंगांचा गाभा सच्छिद्र असतो, सांबराचे मात्र बरेचसे भरीव. वरून ते खडबडीत आणि सुरकुतलेले, त्यामुळे पावसाने किंवा रक्ताने हात ओला झाला तरी मूठ निसटत नाही. इंग्लंडातल्या शेफील्डचे कारागीर ही शिंगे हिंदुस्थानातून मागवीत. म्हणजे शिंग आपले, पाते त्यांचे, आणि तयार झालेली सुरी पुन्हा बोटीने येऊन इथल्या साहेबाच्या पट्ट्यात लटकायची.

आपल्याकडचे लोहारही काही कमी नव्हते. भात्यावर लोखंड लाल करायचे, ऐरणीवर घणाने पाते ओढायचे, त्याला पाणी पाजायचे आणि पुन्हा थोडे तापवून कडकपणा किंचित उतरवायचा, नाहीतर पाते काचेसारखे तुटते. शिंगाला भोक पाडून पात्याचे मागचे टोक त्यात लाखेने पक्के बसवायचे. मग शिकलगाराने धार काढायची. अशा हाताने घडवलेल्या दोन सुऱ्या कधी एकसारख्या नसतात, कारण मुळात दोन शिंगेच एकसारखी नसतात. काही वर्षे वापरल्यावर मालकाच्या तळव्याने मूठ गुळगुळीत होते आणि अंगठा टेकतो तिथे खळगा पडतो. माझी नोकरीची सारी वर्षे बँकेत, वस्तूंची तारणकिंमत ठरवण्यात गेली. पण अशी सुरी बाळगण्यातला आनंद कुठल्या रकान्यात लिहावा हे मला कधीच सुचले नसते. ती विकत घेताना असते तिच्यापेक्षा वापरून झिजल्यावर अधिक आपली होते.

या सुरीचे खरे कसब दिसे ते चित्त्याच्या शिकारीत. या शिकारीसाठी कोल्हापूर प्रसिद्ध होते. डोळ्यांवर टोपी चढवलेला पाळीव चित्ता छकड्यावर बसवून माळावर नेत. काळविटांचा कळप दिसला की टोपी काढून त्याला सोडत. काही क्षणांचा तो खेळ. चित्ता काळविटाचा गळा धरून बसे. मग धावे तो चित्तेवान. भुकेलेल्या जनावराच्या तोंडाशी बसून तो सुरीने काळविटाचा गळा कापी, रक्त लाकडी पळीत धरून चित्त्यापुढे करी, आणि चित्ता ते चाटू लागला की शिकार अलगद सोडवून घेई. सुरी बोथट असेल किंवा हात कापला तर चित्तेवानाची धडगत नसे. सगळ्या लवाजम्याच्या देखत त्या क्षणी मोठा ठरे तो सुरी धरणारा साधा माणूस.

महाराजांच्या मोठेपणाचे एक मूळ मला इथे दिसते. रानात जात आणि हुद्दा मागे पडतो. ज्याला माग कळतो त्याच्या मागून राजालाही चालावे लागते. असा माग कळणारे लोक म्हणजे फासेपारधी. सरकारदरबारी त्यांची ओळख गुन्हेगार अशी होती. महाराजांनी त्यांना सोनतळीच्या आपल्या कॅम्पाच्या परिसरात आणले, कामे दिली, राजवाड्याच्या पहाऱ्यावरही नेमले. ज्यांना गावाने चोर म्हणून हाकलले त्यांच्याच भरवशावर राजा रात्री झोपू लागला. पुढे १९१८ मध्ये त्यांनी महार, मांग, रामोशी, बेरड या जातींवरची रोजच्या हजेरीची सक्ती आपल्या राज्यात बंद केली. हे केवळ शिकारीमुळे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण ज्याने या माणसांच्या हातातले कसब जवळून पाहिले, त्याला त्यांचा अपमान लवकर दिसला, एवढे नक्की.

रानाने दिले तसे घेतलेही. १९१८ च्याच जूनमध्ये धाकटे राजपुत्र शिवाजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून मरण पावले. वय अवघे एकोणीस. लग्नाला जेमतेम वर्ष झाले होते आणि सून इंदुमतीदेवी अजून लहान मुलगी होती. ज्या खेळाची गोडी बापाने लावली त्यानेच मुलगा नेला, यासारखे दुःख नाही. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ही मुलगी राजवाड्याच्या अंधारात आयुष्यभर कोंडली गेली असती. महाराजांनी तिला सोनतळीला आपल्याजवळ ठेवले आणि राजघराण्यातल्या विरोधाला न जुमानता तिच्या शिक्षणाची सोय केली. तिने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही, कारण ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजच गेले. तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचेही नव्हते. पण शिकारीच्या कॅम्पात एका बालविधवेची शाळा भरली, ही गोष्ट कोल्हापूरने विसरू नये.

राधानगरीचे धरणही त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. ते स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. त्याच्या आसपासचे दाजीपूरचे रान संस्थानची राखीव शिकारीची जागा म्हणून कुऱ्हाडीपासून वाचले होते. १९५८ मध्ये तेथे अभयारण्य झाले, महाराष्ट्रातले पहिले. आज लोक तिथे गवे पाहायला जातात. चित्ता मात्र राहिला नाही. १९५२ मध्ये तो देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले, आणि आता आपण तो आफ्रिकेतून आणून मध्य प्रदेशात वाढवत आहोत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपवले. सांबरशिंगाच्या वस्तूंची खरेदीविक्रीही आता चालत नाही. कुणाच्या घरी आजोबांची अशी सुरी असेल तर तिची रीतसर कागदपत्रे आहेत ना, हे पाहून घ्यावे. पण हातघडणीच्या सुरीचा आनंद कायद्याने हिरावलेला नाही. चांगल्या लोहाराकडून पाते घडवून घ्या, शिसवीची किंवा बाभळीची मूठ बसवा, निसण्यावर धार लावायला मुलांना शिकवा, आणि सहलीला जाताना ती बरोबर घ्या. दोन-तीन वर्षांत तिच्यावर तुमचा अंगठा उमटेल. दाजीपूरच्या वाटेवर गळून पडलेले शिंग दिसले तर मात्र ते उचलू नका. रात्री साळिंदरे येऊन ते कुरतडतात. त्यांच्या हाडांना लागणारा चुना त्यातूनच मिळतो.