बंदरातच जळालेले आरमार

२२ जून १९४१ च्या पहाटे जर्मन बॉम्बफेकी विमानांनी सोव्हिएत रशियाच्या पश्चिम सरहद्दीवरील विमानतळांवर अकस्मात हल्ला चढविला. ओळीने उभी असलेली शेकडो विमाने आकाशात झेपावण्यापूर्वीच भस्मसात झाली. त्या एका दिवसातील हानी सुमारे १२०० विमानांची होती, आणि त्यांतील ८०० जमिनीवरच नष्ट झाली, असे सोव्हिएत इतिहासातच नमूद आहे. शस्त्र उचलण्यापूर्वीच ते हातचे जावे, हा अनुभव कोकण किनाऱ्याने त्याआधी १८५ वर्षे घेतला होता. तेथे जळाली ती जहाजे. आणि त्यांचा धनी होता सरखेल तुळाजी आंग्रे.

कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये निवर्तले. थोरला पुत्र सेखोजी १७३३ मध्ये वारला आणि संभाजी व मानाजी या भावांत कलह माजला. थोरल्या बाजीरावांनी तो मिटविला खरा, पण दौलतीची वाटणी करूनच. कुलाबा मानाजीकडे गेला. सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग संभाजीकडे राहिले. संभाजीच्या मृत्यूनंतर तो वाटा आणि सरखेलपद तुळाजीकडे आले.

तुळाजीने आपले कर्तृत्व प्रथम सिद्ध केले ते अंजनवेलीस. वाशिष्ठीच्या मुखावरील या किल्ल्यातून दाभोळच्या खाडीवर आणि चिपळूणकडे जाणाऱ्या जलमार्गावर नजर ठेवता येत असे. १७४५ मध्ये त्याने गोवळकोट आणि अंजनवेल ही दोन्ही ठाणी सिद्दीकडून जिंकली. अंजनवेलचा किल्ला तेव्हापासून गोपाळगड झाला. पुढील दहा वर्षांत त्याच्या गुराबांचा आणि गलबतांचा धाक सर्व परकी व्यापाऱ्यांना बसला. १७४९ मध्ये इंग्रजांचे ‘रेस्टोरेशन’ हे जहाज त्याने पकडले. १७५४ मध्ये डचांच्या जहाजांचीही तीच गत झाली.

तुळाजी निर्दोष होता, असे मात्र म्हणता येणार नाही. शाहू छत्रपतींच्या निधनानंतर पुण्याची सत्ता मानण्यास त्याने नकार दिला आणि पेशव्यांच्या मुलखासही उपद्रव दिला. त्याला वठणीवर आणणे नानासाहेब पेशव्यांना आवश्यक वाटले, यात नवल नाही. प्रमाद घडला तो उपायाच्या निवडीत. मार्च १७५५ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. जमिनीवरून रामाजी महादेव चालून आले आणि अंजनवेलसह एकेक ठाणे तुळाजीच्या हातून निसटले.

फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गापुढे आले. त्या वेळी तुळाजी बोलणी करण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत होता. त्याचे आरमार किल्ल्याच्या आश्रयाने दाटीने नांगरलेले होते. इंग्रजांचा एक तोफगोळा पूर्वी हस्तगत केलेल्या त्या ‘रेस्टोरेशन’वरच पडला, तिने पेट घेतला आणि जवळजवळ सारे आरमार बंदरातच जळून गेले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. तुळाजीचे उर्वरित आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

पेशव्यांना विजयदुर्ग परत मिळविण्यासाठी इंग्रजांशी आठ महिने वाटाघाटी कराव्या लागल्या. तोपर्यंत वॉटसन आणि क्लाइव्ह बंगालच्या मोहिमेवर निघून गेले होते. जानेवारी १७५७ मध्ये त्यांनी कलकत्ता परत घेतले आणि जूनमध्ये प्लासी झाली. पश्चिम किनाऱ्यावरील धास्ती दूर झाली नसती, तर इंग्रजांना इतक्या निश्चिंतपणे पूर्वेकडे वळता आले असते काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

रशियाची विमाने गेली, तरी जमिनीवरच्या हल्ल्यात पुष्कळसे वैमानिक बचावले होते. कारखाने उरल पर्वताच्या पलीकडे हलविण्यात आले आणि पाठीशी उभ्या राहिलेल्या राज्याने ते दल पुन्हा उभारले. कोकणात मात्र राज्यानेच शत्रूला बंदराची वाट दाखविली होती. पुढे आनंदराव धुळपांनी पेशव्यांचे आरमार पराक्रमाने चालविले. तथापि आंग्र्यांच्या काळचा दरारा परतला नाही. १८१८ मध्ये गोपाळगडही इंग्रजांनी घेतला, तेव्हा समुद्रावर त्यांना अडविणारे कोणी उरले नव्हते. उद्दाम सरदाराला शासन करण्याचा अधिकार राज्याला असतोच. पण त्यासाठी परक्याची तोफ उसनी आणली, तर ती पुढे कोणाकडे वळेल, हे ठरविणे राज्याच्या हाती राहत नाही.